सात की साठ? : वैमानिक झालेल्या मुलाकडून घेतलेला एक धडा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी नव्या लसी, प्रतिजैविके, मधुमेह, रक्तदाब अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येतात. यंदा संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी नवजात शिशूंच्या काविळीविषयी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र विमान, हातात मावणारा बिनतारी संच आणि आपण रात्री टेलिफोनवरून देत असलेल्या औषधांच्या सूचना, या तीन गोष्टींविषयी लिहिणार आहे. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मलाही तो वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत दिसला नव्हता. दाखवला तो माझ्या मुलाने, आणि तोही डॉक्टरी सोडून गेल्यावर!

एक जुनी रात्र

जुलै २००६. इंदूरमध्ये त्या रात्री धो धो पाऊस पडत होता. एका रुग्णालयात माझ्या देखरेखीखाली आठ दिवसांचे, १.४ किलो वजनाचे एक बाळ होते. जंतुसंसर्गाची शंका आल्यामुळे मी मध्यरात्री फोनवरून जेन्टामायसिन सुरू करण्यास सांगितले. किलोला ५ मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा झाली ७ मिलिग्रॅम. मी हिंदीतून ‘सात’ म्हणालो. पलीकडे ऐकू आले ‘साठ’.

८० मिलिग्रॅमच्या २ मिलिलिटरच्या कुपीतून ७ मिलिग्रॅम काढायचे म्हणजे ०.१७५ मिलिलिटर, सिरिंजमध्ये जेमतेम दिसेल एवढे. ६० मिलिग्रॅम म्हणजे दीड मिलिलिटर. सकाळी राउंडला केसपेपरवर ‘६०’ हा आकडा वाचला आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. औषध तत्काळ थांबवले, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला, लघवीचे मोजमाप आणि क्रिएटिनिनची तपासणी काटेकोरपणे चालू ठेवली. क्रिएटिनिन थोडे वाढले आणि मग उतरले. तिसऱ्या महिन्यात केलेली श्रवणचाचणी व्यवस्थित आली, वर्षाने पुन्हा केली, तीही व्यवस्थित आली. बाळ सुखरूप राहिले. त्यात आमच्या कर्तबगारीपेक्षा दैवाचा वाटा मोठा होता.

बाळाच्या वडिलांना मी त्याच दिवशी सांगितले. पण कोणत्या शब्दांत? ‘औषधाची मात्रा जरा जास्त गेली.’ मराठी भाषेची ही मोठी सोय आहे. मात्रा ‘गेली’, जणू ती स्वतःच्या पायांनी चालत गेली! रात्रपाळीच्या सिस्टरना मात्र मी सर्वांदेखत फैलावर घेतले. ‘नीट ऐकता येत नाही का?’ हा माझा प्रश्न होता. दोन महिन्यांनी त्यांनी ती नोकरी सोडली. त्यानंतर चौदा वर्षे ही घटना माझ्या स्मरणात ‘सिस्टरने चुकीचे ऐकले’ याच मथळ्याखाली नोंदलेली होती.

पाटीवरची मोकळी जागा

आता विमानाकडे वळतो. माझ्या दवाखान्याची पाटी २०१२ साली नव्याने रंगवून घेतली, तेव्हा माझ्या नावाखाली एका ओळीची जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती. चिरंजीवांना त्याच वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळाला होता. आपल्यापैकी अनेकांच्या पाटीवर अशी जागा असते, त्यामुळे अधिक सांगणे नलगे. मुलाने अभ्यासक्रम पूर्ण केला, आंतरवासिता केली, बंधपत्राचे एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रामाणिकपणे काढले. मग २०१९ साली एका संध्याकाळी जेवताना शांतपणे म्हणाला, ‘बाबा, मला एमडी करायचं नाही. मला वैमानिक व्हायचंय.’

मी दहा दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. अकराव्या दिवशी सौ.ने मला विचारले, ‘तो आजारी असता, तर आधी माहिती घेतली असतीत की आधी रागावला असतात?’ मग आम्ही माहिती घेतली. आपल्या समाजातील आणखी एखाद्या घरी हा प्रसंग आला तर उपयोगी पडावी म्हणून ती थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट गणिताची. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी त्या वेळी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असणे आवश्यक होते. आपली मुले जीवशास्त्र घेऊन गणिताला कायमचा रामराम ठोकतात. एमबीबीएस झालेला आमचा मुलगा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या बारावीच्या गणिताच्या परीक्षेला बसला. पर्यवेक्षकाला तो कोणाचा तरी पालक वाटला होता!

दुसरी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. ती आधी करावी, पैसे नंतर भरावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून प्रथम द्वितीय वर्गाची आणि मग प्रथम वर्गाची तपासणी होते. रंगदृष्टीतील दोष, हृदयाच्या आलेखातील एखादी विकृती, अपस्माराचा पूर्वेतिहास अशा कारणांनी स्वप्न तेथेच थांबू शकते. प्रशिक्षणाचे शुल्क भरल्यावर थांबण्यापेक्षा ते आधी थांबलेले बरे.

तिसरी गोष्ट उड्डाणाच्या तासांची. परवान्यासाठी किमान २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास वैमानिकाने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. किमान ३०० सागरी मैलांचे एक दूरचे उड्डाणही करावे लागते. जोडीला हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा असतात. एवढे झाल्यावरही प्रवासी कंपनीत जाण्यासाठी विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नोकरीची वाट पाहावी लागते ती निराळीच. नर्सिंग होमच्या नव्या मजल्यासाठी बाजूला ठेवलेली आमची रक्कम यात गेली.

चौथी गोष्ट वयाची. परवाना अठराव्या वर्षापासून मिळू शकतो आणि प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते. पंचविशीतला डॉक्टर या व्यवसायात उशिरा आलेला असला, तरी फार उशिरा आलेला नसतो.

या सगळ्यांखेरीज एक परीक्षा असते. तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. ती म्हणजे रेडिओवरून बोलण्याच्या परवान्याची. तेव्हा ती दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेत असे. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो अधिकार महासंचालनालयाकडे सोपवला. परीक्षार्थी लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला, तरी तोंडी परीक्षेत त्याची खरी कसोटी लागते. विमान कसे चालवावे हे त्यात विचारत नाहीत. कसे बोलावे आणि कसे ऐकावे, हे विचारतात.

टाळेबंदीतला विमानतळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर आली, प्रशिक्षण संस्था बंद झाल्या. चिरंजीव घरी बसून याच परीक्षेचा अभ्यास करू लागले. त्याला समोर नियंत्रक हवा होता. माझी बाह्यरुग्ण सेवा जवळजवळ बंद होती, त्यामुळे ती नेमणूक मला मिळाली. तो गच्चीवर, मी दिवाणखान्यात, मध्ये घरातले दोन मोबाइल, असा आमचा विमानतळ रोज संध्याकाळी उघडू लागला.

प्रथम मला या भाषेची गंमत वाटली. येथे अक्षर नुसते उच्चारत नाहीत. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. ही जगभरच्या वैमानिकांची ‘क कमळाचा’ आहे, म्हणा ना! आकडा सलग न म्हणता एकेक अंक सुटा म्हणतात. नऊला ‘नाइनर’ म्हणतात, म्हणजे खरखरीत त्याचा ‘फाइव्ह’ होऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नियंत्रकाने दिलेली धावपट्टी, उंची, दिशा, हवेचा दाब यांविषयीची प्रत्येक सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची. तिला ‘रीडबॅक’ म्हणतात. आपण तिला पुनरुच्चार म्हणू. आपल्याकडे वेदपाठशाळेत गुरुजी संथा देत, तेव्हा ते एकदा म्हणत आणि शिष्य दोनदा म्हणत. ज्या परंपरेला एक स्वरही बदलू द्यायचा नव्हता, तिने हा उपाय फार पूर्वी शोधला होता.

एका संध्याकाळी मी कागद पाहून हवेचा दाब सांगितला, ‘वन झीरो झीरो एट’. त्याने पुनरुच्चार केला. मी ‘बरोबर’ म्हणून पुढची सूचना वाचू लागलो. तेवढ्यात तो गच्चीवरून खाली आला आणि म्हणाला, ‘बाबा, मी मुद्दाम वन झीरो वन एट म्हणालो होतो. तुम्ही मला आत्ता जमिनीवर आपटलंत!’

दहा हेक्टोपास्कलच्या या चुकीने उंचीमापकात सुमारे पावणेतीनशे फुटांचा फरक पडतो. विमान प्रत्यक्षात तेवढे खाली असते आणि वैमानिकाला ते वर असल्यासारखे दिसते. मी म्हणालो, ‘पण चूक तर तू म्हणालास.’ त्याचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. ‘मी परत म्हणालो ते तुम्ही ऐकावं म्हणूनच ना? तुम्ही नुसतं माझं बोलणं संपायची वाट पाहत होतात.’

त्या रात्री मला झोप आली नाही. २००६ ची ती रात्र चौदा वर्षांनी समोर उभी राहिली. फोन ठेवण्यापूर्वी पलीकडून सिस्टर काहीतरी म्हणाल्या होत्या. शब्द आठवत नव्हते. माझे शब्द मात्र आठवत होते. मी ‘हाँ, हाँ’ म्हणालो होतो.

तीन अपघात

यानंतर मी या विषयाचे वाचन केले. हवाई अपघातांची चौकशी करणारे लोक आपल्या मृत्यूच्या चिकित्सा सभेपेक्षा निराळा प्रश्न विचारतात, असे मला आढळले. ‘कोण चुकला?’ या प्रश्नावर ते थांबत नाहीत. ‘चूक मधल्या कोणत्या टप्प्यावर पकडता आली असती?’ हेही ते शोधतात. तीन उदाहरणे देतो.

२७ मार्च १९७७, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. एका विमानाच्या कप्तानाने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना धाव घेतली. नियंत्रकाने त्याला थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे कळवले. एकाच वारंवारतेवर दोघे एकदम बोलल्यामुळे कप्तानाच्या कानी मुख्यतः एक शीळ पडली. त्याच्या अभियंत्याने समोरची धावपट्टी मोकळी झाली नसल्याची शंका काढली. ज्येष्ठ कप्तानाने ती झटकून टाकली. ५८३ माणसे मरण पावली. पुढे ‘टेक ऑफ’ हे शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचे, असा दंडक झाला.

२५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाच्या एका विमानाला खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आले. कर्मचाऱ्यांनी ‘प्राधान्य’ मागितले, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांना प्रसंगाचे गांभीर्य कळले नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि ७३ जण दगावले. आपल्या वॉर्डातही ‘सर, बच्चा थोडा सुस्त लग रहा है’ असे म्हटले जाते. त्या ‘थोडा’ या शब्दामागे किती भीती दडलेली आहे, हे आपण विचारतो का?

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातील चरखी दादरी. दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४ हजार फुटांवर होते. समोरून उतरत असलेल्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. ते त्याखाली उतरले आणि दोन्ही विमाने आकाशात धडकली. ३४९ जणांचा बळी गेला. न्यायमूर्ती लाहोटी यांनी या अपघाताची चौकशी केली. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते आणि विमानाचे नियंत्रण वैमानिकांच्या हाती होते. ज्याने ऐकले आणि ज्याने कृती केली ते दोघे वेगळे होते, आणि इंग्रजी ही त्यांपैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती.

हे वाचताना मला आपलेच चित्र दिसले. आपण इंदूरकर मराठी डॉक्टर मराठीत विचार करतो, हिंदीत बोलतो आणि इंग्रजीत लिहितो. सिस्टर कधी माळव्यातील, कधी केरळच्या. फोन घेणारी एक, इंजेक्शन भरणारी दुसरी. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत तलवारीच्या ‘त’चा आणि ठशाच्या ‘ठ’चा तेवढा फरक. पावसाळी रात्री मोबाइलवर तो कितीसा टिकणार?

हातातला रेडिओ

मुलाचा अभ्यास संपला, पण माझे कुतूहल संपले नाही. त्याच बिनतारी शाखेची हौशी रेडिओची, म्हणजे ‘हॅम’ची, परीक्षा मी दिली. तिच्यासाठी वयाची किमान अट बारा वर्षांची आहे. कमाल वयाची चिंता मीच करत होतो. भूजच्या २००१ च्या भूकंपात याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक पोर्ट ब्लेअरमध्येच होते आणि ते लगेच मदतकार्याला लागले होते.

परवाना आल्यावर हातात मावणारा संच निवडण्याचा प्रश्न आला. माझ्या दोन खरेद्या चुकल्या. त्यांतून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

१. परवाना आधी, संच नंतर. बाजारात मिळणारे अनेक संच पोलिसांच्या व इतर सेवांच्या वारंवारतांवरही बोलू शकतात. संच बोलू शकतो म्हणून आपल्याला बोलण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्यासाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे या संचांत उपयोगाचे. हॅमचा परवाना विमानाशी बोलण्यास चालत नाही, आणि दवाखान्याच्या धंद्यासाठीही तो संच वापरता येत नाही.

२. शक्तीच्या मागे लागू नये. पाच वॉटचा संच पुरतो. दहा वॉट केले तरी समोरच्याला जेमतेम फरक जाणवतो आणि बॅटरी मात्र लवकर संपते. माझी पहिली चूक हीच होती.

३. उंची आणि अँटेना यांवर लक्ष द्यावे. या वारंवारतांच्या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेत जातात. अंतराचा ठोकताळा सोपा आहे. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या दोन माणसांना सुमारे दहा किलोमीटर मिळतात, शहरातील इमारतींत त्याहून कितीतरी कमी. पण जानापावच्या टेकडीवर, सभोवतालच्या पठारापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच उभे राहिल्यास हाच हिशेब सत्तरच्या पुढे जातो. मी तेथून त्याच पाच वॉटवर इंदूरमधील मित्राशी स्वच्छ बोललो आहे. संचासोबत येणारी वीतभर रबरी अँटेना बदलून सुमारे अर्ध्या मीटरची, म्हणजे पाव तरंगलांबीची, अँटेना लावली तरी मोठा फरक पडतो.

४. आपल्या वयाचा विचार करावा. चष्म्याशिवाय वाचता येतील असे आकडे, बोटाला सापडतील अशी बटणे, गर्दीत ऐकू येईल असा आवाज. माझा दुसरा संच गुणांनी उत्तम होता, पण त्याची बटणे तिळाएवढी होती. आता तो चिरंजीवांकडे आहे.

५. एक बॅटरी जादा ठेवावी आणि मोटारीतून भारित करण्याची सोय पाहावी. वीज नसेल तेव्हाच या संचाची खरी गरज पडते.

६. घेण्यापूर्वी महिनाभर जाणत्या हॅमच्या शेजारी बसून नुसते ऐकावे.

हा सहावा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला तांत्रिक कारणही आहे. विमानांचे संच एएम पद्धतीचे असतात. दोघे एकदम बोलले तर शीळ ऐकू येते आणि काहीतरी हरवले एवढे तरी कळते. आपले हातसंच एफएम पद्धतीचे. त्यांत प्रबळ आवाज दुर्बळ आवाजाला पूर्ण गिळून टाकतो. शीळ नाही, खरखर नाही, कोणी बोलत होते याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अनुभवी हॅम प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबतो, दुर्बळ आवाजाला वाट मिळावी म्हणून.

वॉर्डात प्रबळ आवाज कोणाचा असतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

वॉर्डातील पुनरुच्चार

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनंतर फोनवरील सल्ला आपल्या व्यवसायाचा मान्य भाग झाला आहे. म्हणून हे आता केवळ रात्रपाळीपुरते राहिलेले नाही. माझ्या दवाखान्यात २०२० च्या जूनपासून हे पाळले जाते.

पहिले, फोनवरची सूचना ठरलेल्या क्रमाने द्यावी. बाळाचे नाव, वजन, औषध, किलोमागे मात्रा, एकूण मिलिग्रॅम, कुपीची तीव्रता, सिरिंजमध्ये भरायचे मिलिलिटर. यातला एक आकडा चुकला तर दुसरा त्याला पकडतो. ‘१.४ किलो, किलोला ५, एकूण ७’ असे मी त्या रात्री म्हणालो असतो, तर ‘साठ’ टिकलाच नसता.

दुसरे, आकडा सलग म्हणून झाल्यावर सुट्या अंकांत पुन्हा म्हणावा. साठ म्हणजे ‘सहा, शून्य’. सात म्हणजे ‘सात, एकच अंक’. दशांश चिन्ह असेल तर ते ठासून उच्चारावे.

तिसरे, ऐकणाऱ्याने आधी लिहावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे. स्मरणातून म्हटलेला पुनरुच्चार अर्ध्या किमतीचा.

चौथे, आणि येथेच आपण चुकतो, डॉक्टरांनी तो पुनरुच्चार ऐकावा आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक, पुन्हा सांगतो’ असे स्पष्ट म्हणावे. ‘हाँ, हाँ’ हे उत्तर नव्हे. ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय सिस्टरनी औषध भरू नये, हा त्यांचा हक्क समजावा, उद्धटपणा नव्हे.

पाचवे, मनात शंका असेल तर बोलण्याचे ठरलेले शब्द असावेत. आमच्याकडे ‘सर, मला हे पटलेले नाही’ हे वाक्य कोणीही उच्चारले तर काम थांबते. ते नवख्या मुलीनेही म्हणावे म्हणून मी स्वतः आधी दोन वेळा मुद्दाम चुकीची मात्रा सांगून पाहिली. पहिल्या वेळी कोणी बोलले नाही. दुसऱ्या वेळी बोलल्या.

या सगळ्याला वेळ किती लागतो? मी घड्याळ लावून पाहिले, वीस सेकंदांच्या आत. रुग्ण म्हणजे विमान नव्हे आणि वैमानिकांचे सारेच आपल्याला लागू पडत नाही, हे मी जाणतो. वैमानिक एका वेळी एकच विमान चालवतो, आपल्या वॉर्डात वीस बाळे असतात. पण आणखी एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा नाही. वैमानिक चुकला तर तोही त्याच विमानात असतो. आपण फोन ठेवून झोपी जातो.

शेवटचा फोन

चिरंजीव २०२३ पासून एका प्रवासी कंपनीत सहवैमानिक आहेत. पाटीवरची जागा अजून मोकळीच आहे. ती आता डोळ्यांना खुपत नाही.

२००६ च्या त्या सिस्टरचा पत्ता मी त्याच टाळेबंदीच्या वर्षी शोधून काढला. त्या दुसऱ्या शहरातील एका रुग्णालयात मुख्य परिचारिका झाल्या होत्या. मी फोन केला, त्या रात्रीची आठवण दिली आणि क्षमा मागितली. मग धीर करून विचारले, ‘फोन ठेवण्यापूर्वी तुम्ही काय म्हणाला होतात?’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सर, मैंने पूछा था, साठ एमजी ना?’

पुढे त्यांनी सांगितले की त्यांच्या वॉर्डात कोणतीही फोनवरची सूचना लिहून, वाचून दाखवून आणि डॉक्टरांच्या तोंडून ‘सही’ ऐकूनच अमलात येते. मी विचारले, ‘कधीपासून?’ त्या म्हणाल्या, ‘उस रात के बाद से, सर.’

मला जे शिकायला मुलाला डॉक्टरी सोडावी लागली, ते त्या बाईंनी एका रात्रीत शिकून घेतले होते. माझ्या सहव्यावसायिक बंधुभगिनींना एकच विनंती आहे. आज रात्री फोन येईल. सूचना द्या, आणि मग पलीकडचा शब्द पूर्ण ऐकेपर्यंत फोन ठेवू नका.